आधी पाण्याची वाट, मग रोपे : कोकणातील नदी, खाडी आणि पुळण सावरण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आम्ही गावातील काही मंडळींनी खाडीच्या उघड्या चिखलपट्टीवर कांदळ या खारफुटी झाडाची काही शे रोपे ओळीने लावली. गुडघाभर चिखलात उतरून, दोरी धरून, मोठ्या उमेदीने ते काम झाले. दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेक रोपे गेली होती. जी उभी होती त्यांच्या दांड्यांवर खडकाला चिकटतात तसे पांढरे, धारदार कवचाचे जीव इतके दाट बसले होते, की त्यांच्या वजनानेच रोप वाकून चिखलात निजले होते. तिसऱ्या, म्हणजे चिखलातील शिंपले, काढायला आलेल्या एका काकींनी ते पाहून सांगितले, “इथं झाड कधीच नव्हतं. ही तिसऱ्यांची जागा.” आणि त्याच वेळी, तिथून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या भरावामागे तिवर या दुसऱ्या खारफुटी झाडाचे एक जुने बन उभ्या उभ्या वाळत होते, कारण भरावाखालची एकुलती एक सिमेंटची नळी गाळाने बुजली होती आणि भरतीचे पाणी आत पोहोचतच नव्हते. आम्ही रोपे घेऊन त्या बनासमोरून गेलो होतो.

पुढे जे लिहिले आहे ते या चुकीतून आणि त्यानंतरच्या कामातून शिकलेले आहे. एका खाडीच्या काठचे एखादे गाव, किंवा त्याहून चांगले म्हणजे एकाच नदीवर वरपासून खालपर्यंत वसलेली चार-पाच गावे मिळून, हे काम कोणत्या क्रमाने करू शकतील ते यात आहे. नदी, खाडी आणि पुळण (वाळूचा किनारा) यांचा एकत्र विचार करण्याला कारण आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक नद्या सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत शंभर किलोमीटरच्या आतच धावतात. वरच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकलेली गोणी एका पावसात खाडीत येते, नदीने आणलेल्या गाळावर कांदळवन, म्हणजे खारफुटीचे बन, उभे राहते, नदीने आणलेल्या वाळूतून पुळण भरते आणि मासे या सगळ्यातून ये-जा करतात. यांतील एकच तुकडा दुरुस्त करायला घेतला, तर तो दुसऱ्या तुकड्याच्या बिघाडाने पुन्हा बिघडतो.

पहिले वर्ष पाहण्यासाठी ठेवा

कामाची सुरुवात चालण्यापासून करावी, आणि तीही उधाणाच्या ओहोटीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, त्यामुळे खाडीचा तळ, जुने फाटे, बुजलेली तोंडे आणि मुळांची रचना त्याच वेळी उघडी पडते. वेळ काढायला जुना हिशेब पुरेसा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून आपल्या गावच्या धक्क्यावर आठवडाभर घड्याळ लावून तो फरक एकदा नक्की करून घ्यावा.

या पाहणीला कोण बरोबर असावे हे मी फार महत्त्वाचे मानतो. पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणारा एखादा मच्छीमार, तिसऱ्या-मुळे हे शिंपले काढणाऱ्या बाया आणि खारजमिनीत भात लावलेला एखादा वृद्ध शेतकरी, निदान इतकी माणसे हवीतच. होडी पूर्वी कुठपर्यंत जात असे, उघाडी (बांधातील पाण्याचे दार) कुठे होती, नदीच्या कोणत्या कोंडात (खोल डोहात) उन्हाळ्यात पाणी टिकत असे, कोणता मासा कोणत्या वर्षापासून दिसेनासा झाला, हे त्यांना विचारावे आणि तिथल्या तिथे लिहून घ्यावे. झाडेही त्यांच्याकडूनच ओळखून घ्यावीत. तिवराची श्वासमुळे पेन्सिलीसारखी बारीक व सरळ वर आलेली असतात, चिपीची मुळे अधिक जाड व खुंट्यांसारखी असतात, कांदळ खोडातून कमानी टाकून उभा राहतो, आणि मारांडीचे काटेरी झुडूप काठाच्या उंच भागात, गोडे पाणी मिसळते तिथे दाटते. पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, परंतु तो आपल्या खाडीत कुठे आहे हे अनेक गावांना ठाऊक नसते.

ही सर्व माहिती तलाठ्याकडून मिळणाऱ्या गावनकाशावर उतरवावी. गूगल अर्थवर एकाच जागेची जुनी उपग्रहछायाचित्रे वर्षवार पाहता येतात. रस्त्याचा भराव, कोळंबीचे तलाव किंवा बांध कोणत्या वर्षी आला आणि त्यानंतर हिरवा पट्टा कसा आकसला, हे त्यात स्पष्ट दिसते. पुढे अधिकाऱ्यांसमोर बोलताना तोंडी हकिगतीपेक्षा अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवणे अधिक उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र पाहणीच्या वेळीच मनाशी पक्की करावी : झाडे नसलेली चिखलपट्टी म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे तिसऱ्या, निवटे (चिखलावर सरपटणारे छोटे मासे), चिंबोऱ्या आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे खाद्य असते. ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात ते प्रामुख्याने तिथल्या चिखलपट्ट्यांवरील खाद्यासाठी. तिथले अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अशा पट्टीवर ओळीने रोपे लावणे म्हणजे एक अधिवास मोडून त्या जागी दुसरा न टिकणारा अधिवास उभा करणे होय.

भरतीची उंची मोजणे

कांदळवनाची झाडे भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या साधारण वरच्या अर्ध्यातच जगतात. दिवसातील सुमारे एक तृतीयांश वेळ किंवा त्याहून कमी वेळ त्यांची मुळे पाण्याखाली असतात. त्याहून खोल जागी रोप लावले की ते गुदमरते, आणि फार उंच जागी लावले की मीठ साचून वाळते. हाताच्या पंज्याएवढा उंचीचा फरकही इथे निर्णायक ठरतो, म्हणून अंदाजावर न जाता मोजमाप करावे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत.

बांबूच्या काठ्यांना पाण्यात कालवलेला गेरू फासून तो पूर्ण वाळू द्यावा. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, पाणी सर्वांत कमी चढण्याच्या) एका आणि उधाणाच्या एका दिवशी या काठ्या ओहोटीला वेगवेगळ्या ठिकाणी रोवाव्यात. पाणी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत गेरू धुऊन निघतो, आणि उरलेल्या रंगाची कड म्हणजे त्या दिवशीच्या भरतीची रेषा. त्यानंतर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन, जवळच्या निरोगी बनातील जमिनीची उंची आणि बिघडलेल्या जागेची उंची यांची तुलना करावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि वाचन घेण्याआधी दोन्ही टोकांचे पाणी स्थिर होऊ द्यावे. दोन माणसे आणि एक मोजपट्टी असली की एका सकाळी पंधरा-वीस ठिकाणे मोजून होतात.

या आकड्यांवरून तीन शक्यता समोर येतात. जमिनीची उंची योग्य आहे आणि पाणीही पोहोचते, तरी रोपे येत नाहीत; अशा वेळी गुरांची चराई, लाकूडतोड किंवा वाहून आलेला कचरा हे कारण शोधावे. उंची योग्य आहे परंतु पाणी पोहोचत नाही. म्हणजे वाट अडलेली आहे. आणि उंचीच बदललेली आहे, म्हणजे भराव पडला आहे किंवा गाळ वाहून गेला आहे. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त ठिकाणी दुसरे कारण निघाले, आणि सुदैवाने तेच सर्वांत कमी खर्चात दुरुस्त होते.

अडलेली वाट मोकळी करणे

ज्या नळीचा वर उल्लेख केला, तिच्यापाशी उभे राहिले म्हणजे बिघाड डोळ्यांना दिसत होता. भरावाच्या समुद्राकडील बाजूला ओली, काळी, मऊ जमीन होती आणि खेकड्यांची बिळे होती. आतल्या बाजूला जमिनीवर मिठाचा पांढरा थर होता, श्वासमुळे कोरडी होऊन बोटाने मोडत होती, आणि पावसाचे पाणी बाहेर जाऊ न शकल्याने मधल्या खोलगट भागात ते सडले होते. भरती आत येत नव्हती आणि पाऊस बाहेर जात नव्हता. कांदळवन या दोन्हींनी मरते, ही गोष्ट आम्हाला तोपर्यंत उमगलेली नव्हती.

अशी वाट मोकळी करताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम जुन्या छायाचित्रांवरून आणि वृद्धांच्या सांगण्यावरून मूळ फाटा कुठून वाहत होता ते शोधावे. नवी सरळ चर खणण्याचा मोह होतो, परंतु सरळ चरीतून पाणी जोराने धावते, काठ कापते आणि बनातील बारीक गाळ ओढून नेते. मूळ फाटा वाकडातिकडा असतो आणि तसाच राहू द्यावा. दुसरे, भरावाखालील मोरीची रुंदी पाहावी. जुन्या फाट्याच्या तोंडाएवढी मोरी नसेल तर ती काढून मोठी बसवण्याची मागणी करावी, आणि मोरीचा तळ फाट्याच्या तळाच्या पातळीला येईल असा आग्रह धरावा. तळ वर राहिला तर उधाणाचेच पाणी आत येते, बाकीचे दिवस कोरडे जातात. तिसरे, आतल्या बाजूचा गाळ यंत्राने न काढता फावड्या-घमेल्यांनी काढावा आणि तो बनात किंवा चिखलपट्टीवर न टाकता, परवानगी घेऊन, भरतीच्या रेषेबाहेर नेऊन ठेवावा.

परवानगीचा मुद्दा गौण समजू नये. कांदळवन हे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वाधिक संरक्षित वर्गात येते आणि अनेक ठिकाणी ते अधिसूचित वनही आहे. त्यामुळे चांगल्या हेतूने केलेली खोदाईसुद्धा विनापरवाना असेल तर गुन्हा ठरू शकते. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून हेच काम पाहतो. मोजमापाचे आकडे, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन त्यांच्या परिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटावे आणि काम त्यांच्या देखरेखीखाली व्हावे अशी विनंती करावी.

वाट मोकळी झाल्यावर एक पूर्ण पावसाळा काहीही लावू नये. वाळलेल्या झाडांच्या बुंध्यांतून काही ठिकाणी फुटवे येतात. श्रावण-भाद्रपदात तिवराच्या बिया पाण्यावर तरंगत आत येतात आणि पाणी उतरताना जिथे टेकतात तिथे दोन पाने काढतात. आमच्या बनात त्या बिया आल्या, तेव्हा एका चौरस मीटरच्या चौकटीत बसून मी त्या मोजल्या होत्या, आणि ओळीने लावलेल्या आमच्या रोपांची आठवण होऊन बराच वेळ तिथेच बसून राहिलो होतो.

खारजमिनीचा प्रश्न

खारेपाटात किंवा गोव्यातील खाजनात, म्हणजे बांध घालून शेतीखाली आणलेल्या खाडीकाठच्या जमिनीत, या कामाला वेगळी बाजू आहे. तिथले बांध आणि त्यांची दारे, रायगडात उघाडी आणि गोव्यात मानस म्हणतात ती, पिढ्यान्पिढ्या खारे पाणी बाहेर ठेवून भात पिकवण्यासाठी आहेत. भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे ते लाकडी दार ही समुद्राच्या समजुतीतून आलेली रचना आहे. बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली गेली नाही की खारे पाणी शेतात शिरते, दोन-तीन वर्षांत तिवर उगवतात, आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीतील झाड तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने खासगी जमिनीवरील कांदळवनालाही संरक्षण आहे.

अशा शेतकऱ्याच्या रागाला पर्यावरणविरोध म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. जिथे शेती अजून चालू आहे तिथे बांधाची दुरुस्ती आणि उघाडीची देखभाल हाच अधिवास सांभाळण्याचा मार्ग आहे, कारण पावसाळ्यातील गोड्या पाण्याचे भातखाचर आणि बांधाबाहेरचे कांदळवन ही दोन्ही एकमेकांना धरून टिकतात. बांधाबाहेरील तिवरांचा पट्टा लाटांचा मार कमी करतो आणि बांध वाचवतो, हे खारेपाटातील जाणत्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. जिथे खांड पडून वीस-पंचवीस वर्षे लोटली आहेत आणि दाट बन उभे आहे, तिथे मात्र शेती परत आणण्याच्या भाषेत वेळ न दवडता, चिंबोरीपालन किंवा कालवांची शेती यांसारख्या उपजीविकांसाठी राज्य शासनाच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनेतून मदत मागावी. वेंगुर्ल्याजवळील मांडवी खाडीत महिला बचत गटाने होड्यांतून कांदळवनाची सफर सुरू केली, तेही याच दिशेचे उदाहरण आहे.

नदीकडे वळताना : चढण, बंधारे आणि गाळ

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि पऱ्ये भरून वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. ते अंडी घालायला खाचरांत, ओहोळांत, उथळ गवतात जातात. कोकणात चढणीचे मासे पकडणे हा मोठा आनंदाचा प्रसंग मानला जातो आणि मीही लहानपणी कंदील घेऊन रात्रभर पाण्यात उभा राहिलो आहे. परंतु त्या रात्री पकडलेल्या माशाचे पोट दाबून पाहिले तर ते अंड्यांनी गच्च भरलेले असते. पूर्वी टोपलीभर मासे धरले तरी त्यांच्या कितीतरी पट वर जात असत. आता पऱ्याच्या तोंडावर काठापासून काठापर्यंत बारीक जाळे लावले जाते, विजेचा झटका दिला जातो, कुठे ब्लिचिंग पावडर टाकली जाते, आणि एका रात्रीत त्या पऱ्याची पुढच्या वर्षाची पैदास संपते. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नदीत तिची आठवण करून देणारे कोणी नसते.

म्हणून ग्रामसभेत ठराव करावा की चढण सुरू झाल्यापासून पहिले पंधरा दिवस गावाच्या हद्दीतील पऱ्यांवर कोणी मासे धरणार नाही, त्यानंतरही पात्राचा निम्मा भाग जाळ्याविना मोकळा राहील, आणि विष व वीज वर्षभर पूर्ण बंद राहील. पूर्ण बंदीपेक्षा असा ठराव अधिक पाळला जातो, कारण खवय्यांच्या आनंदाला त्यात जागा राहते. वरच्या आणि खालच्या गावांनी तो एकाच आठवड्यात केला तरच त्याला अर्थ आहे.

बंधाऱ्यांकडे त्यानंतर पाहावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या, पाणी अडवण्यासाठी बसवलेल्या फळ्या मेअखेर निघाल्या नाहीत तर चढणीचे मासे तिथेच अडतात. वनराई बंधाऱ्याची गोष्ट याहून अधिक दुर्लक्षित आहे. डिसेंबरमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून तो श्रमदानाने बांधला जातो, छायाचित्रे निघतात, उन्हाळ्यात त्याचा उपयोगही होतो. परंतु मे महिन्यात त्या गोण्या काढायला कोणी जात नाही. उन्हाने त्यांचे धागे सुटलेले असतात, पहिल्या पुरात त्या फाटतात आणि तो पांढरा प्लास्टिकचा धागा खाडीत येऊन तिवराच्या श्वासमुळांना गुंडाळतो. एका झाडाखालचे धागे सोडवायला दोन माणसांना अर्धा तास लागतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. बंधारा बांधण्याच्या दिवशीच तो काढण्याची तारीख आणि माणसे ठरवावीत; गोण्या मोजून लावाव्यात आणि मोजून परत आणाव्यात. शक्य तिथे दगड-मातीचा कच्चा बंधारा घालावा.

गाळ काढण्याबाबत फार सावध राहावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची जी अवस्था झाली ती पाहिल्यानंतर नदीकाठच्या प्रत्येक गावाला गाळ काढून हवा असतो आणि ती मागणी अवास्तव नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. यंत्र पात्रात उतरले की ते पात्र सपाट करते : कोंड भरले जातात, गोट्यांचे उथळ उतार नाहीसे होतात, काठावरील शेरणी आणि करंज उपटले जातात, आणि काढलेला गाळ काठावरच ढिगाने पडून पुढच्या पावसात परत आत येतो. कामाच्या अंदाजपत्रकावर ग्रामपंचायतीने पुढील अटी लेखी घालून घ्याव्यात : गाळ पुलांच्या कमानींपाशी आणि पात्र खरोखर चोंदले आहे तिथूनच काढला जाईल, उन्हाळ्यात पाणी टिकणाऱ्या कोंडांत यंत्र उतरणार नाही, काठापासून ठरलेल्या अंतरापर्यंतची झाडे राखली जातील, आणि गाळ पूररेषेबाहेर नेला जाईल. कोणते कोंड राखायचे ते नकाशावर नावानिशी लिहावे. पात्रात रंगाने खुणा केलेले दगड यंत्रचालकाला दाखवून द्यावेत, कारण अंदाजपत्रक त्याच्या हातात कधीच नसते.

कोंड राखण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडात देवीचे मासे म्हणून मोठमोठे महाशीर अभय घेऊन राहतात. आंबोलीत, पूर्वेकडे वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमकुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात सापडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. आपल्या नदीवर एखादा कोंड देवाच्या नावाने राखलेला असेल, तर त्या प्रथेला लेखी आधार द्यावा, आणि नसेल तर गावाने एक नवा कोंड निवडून राखावा.

काठ धूपत असेल तर सिमेंटची भिंत हा शेवटचा उपाय समजावा. पात्राच्या कडेला गोट्यांत शेरणी, त्यामागे वाळा, त्यामागे वाळुंज, करंज, उंबर आणि बांबूची बेटे अशी चढती रचना ठेवली तर मुळे वेगवेगळ्या खोलीवर माती धरतात. शेरणीचे फाटे पावसाच्या सुरुवातीला ओल्या रेतीत खोचले तरी धरतात.

रोपे कधी आणि कशी

एका पावसाळ्यानंतरही बी आपण होऊन आले नाही, आणि जवळपास बी देणारे बनच उरलेले नाही, तरच लागवडीकडे वळावे. जवळच्या निरोगी बनात ज्या उंचीवर जी जात आहे, तीच जात त्याच उंचीवर लावावी. सगळीकडे कांदळच लावण्याची पद्धत पडली आहे, कारण त्याची लांब शेंगेसारखी रोपे गोळा करायला सोपी असतात. या सोयीसाठी खाडीचा स्वभाव बदलू नये.

कांदळाचे रोप झाडावरच वाढलेले असते. वरच्या फळाच्या आणि खालच्या दांड्याच्या मध्ये पिवळसर गळपट्टी दिसू लागली की ते पक्व झाले असे समजावे. हिरवे ओढून काढू नये. तिवराच्या बिया पाण्यात ठेवल्या की एक-दोन दिवसांत त्यांचे पातळ साल सुटते, मग मुळाकडची बाजू खाली करून त्या चिखलात हलक्या टेकवाव्यात, पुरू नयेत. चिपीच्या फळात बारीक बिया पुष्कळ असतात आणि त्या आधी रोपवाटिकेतच वाढवाव्या लागतात. रोपवाटिका भरतीचे पाणी रोज थोडा वेळ येईल अशा जागी, खाडीचाच चिखल पिशव्यांत भरून करावी. लागवडीच्या वेळी पिशवी काढून परत आणावी. पुराचा जोर असणाऱ्या ठिकाणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी लागवड करावी. त्यानंतर निदान दोन वर्षे दर उधाणानंतर जाऊन रोपांना अडकलेले प्लास्टिक, शेवाळ आणि जाळ्यांचे तुकडे काढावे लागतात. हे करायला माणसे नसतील तर लागवड करू नये.

पुळण

समुद्राकडील वाळूच्या टेकड्यांना मर्यादवेल धरून ठेवते. तिचे नावच ती काय करते ते सांगते. गाड्या वाळूवर नेणे बंद करणे, वेल खुडली जाणार नाही हे पाहणे, आणि तिच्यामागे केवडा, निगडी, उंडी वाढू देणे, एवढ्यावर बरेचसे काम होते. कासवे येणाऱ्या पुळणीवर सुरूच्या झाडांची नवी लागवड करू नये, कारण तिची दाट सावली आणि मुळांचे जाळे घरट्यांना प्रतिकूल ठरते. धूपप्रतिबंधक बंधारा एका वाडीसमोर बांधला की धूप बहुधा शेजारच्या वाडीकडे सरकते. म्हणून मागणी करण्याआधी वाळू येणे कुठे थांबले ते शोधावे. हातपाटीने काढली जाणारी वाळू आणि सक्शन पंपाने रातोरात उपसली जाणारी वाळू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऑलिव्ह रिडले कासवांसाठी नोव्हेंबर ते मार्च पहाटे गस्त घालावी. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला हे काम २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह सुरू केले आणि तिथून ते कोकणात पसरले. घरटे जागेवर सुरक्षित असेल तर हलवू नये. हलवावेच लागले तर अंडी घातल्यापासून काही तासांच्या आत, अंडे न फिरवता, मूळ खड्ड्याएवढ्याच खोलीवर, वन विभागाच्या मान्यतेने हलवावे. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात, आणि त्या रात्री किनाऱ्यावरील दिवे बंद ठेवावेत. जाळ्यात सापडलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही माहिती प्रत्येक होडीपर्यंत पोहोचवणे हे गस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

ठराव, अर्ज आणि पंचनामा

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, पुष्कळ ठिकाणी केवळ कागदावर. ती जागी करावी, आणि वर सांगितलेली पाहणी लोक जैवविविधता नोंदवहीत घालावी. कांदळवनात भराव पडताना दिसला तर भांडत बसू नये. तारीख-वेळ आणि स्थान दाखवणारी छायाचित्रे घ्यावीत, गट क्रमांक शोधावा, आणि त्याच दिवशी तहसीलदार व कांदळवन कक्ष यांना लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. अर्जात मुंबई उच्च न्यायालयाच्या ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाचा आणि २०१८ च्या निकालाचा उल्लेख करावा, आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे हे स्पष्ट लिहावे. पंचनाम्याच्या वेळी गावातील दोन माणसे हजर राहतील अशी व्यवस्था करावी. भराव टाकणारा बहुधा गावातलाच असतो, म्हणून तक्रार एकट्याच्या नावाने न देता समितीच्या नावाने द्यावी.

नोंदवही

कामाचे यश रोपांच्या संख्येवर मोजू नये. चार-पाच ठरावीक जागा निवडून तिथे खुंट्या रोवाव्यात, आणि वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या उधाणाच्या ओहोटीला, त्याच जागी एक चौरस मीटरची काठ्यांची चौकट टाकून तीन गोष्टी लिहाव्यात : आपण होऊन आलेली रोपे किती, खेकड्यांची बिळे किती, आणि काठावर निवटे दिसले का. त्याच उभ्या जागेवरून, त्याच दिशेने, एक छायाचित्र घ्यावे. नदीवर, चढणीच्या पहिल्या आठवड्यात, ठरलेल्या एका मोरीपाशी अर्धा तास उभे राहून वर जाणाऱ्या माशांच्या जाती लिहाव्यात. तिसऱ्या काढणाऱ्या बायांना दर हंगामात एका ओहोटीला किती मिळाल्या ते विचारून लिहावे. किमान पाच वर्षांच्या नोंदी झाल्याशिवाय त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नये. तिची एक प्रत शाळेत आणि एक प्रत खाडीवर रोज जाणाऱ्या माणसाच्या घरी असावी. आमची मूळ वही आता त्या काकींकडे असते. त्यांची नात चौकट टाकते आणि मोजून आकडे सांगते, आणि चिखलपट्टीच्या पानावर, जिथे आमची रोपे गेली होती, तिथे फक्त तिसऱ्यांचा रकाना आहे.